गहूं ज्यांस सोसत नाहीं

प्रभूनें आपल्या शिष्यांस जी प्रार्थना शिकविली तींत रोजच्या भाकरीची मागणी आहे. भाकर म्हणजे जीवन, असा अर्थ आपण लहानपणापासून मनांत बाळगितों, आणि तो खराही आहे. परंतु कांहीं थोड्या मनुष्यांच्या शरीराची घडण अशी असते कीं, गव्हाची पोळी अथवा पाव हेंच त्यांच्या दुखण्याचें मूळ होऊन बसतें. ज्या अन्नानें इतरांच्या अंगीं मांस चढतें, त्याच अन्नानें हीं माणसें सुकत जातात. ह्या रोगास सीलिअॅक रोग असें नांव आहे. त्याची परीक्षा आतां अवघड राहिलेली नाहीं, व त्यावरील उपायही स्वयंपाकघरांतच आहे. तरीसुद्धां पुष्कळ मुलें वर्षानुवर्षें निदानावांचून राहतात. असें कां व्हावें, आणि तें टाळण्यासाठीं डॉक्टरांनीं, आईबापांनीं व शिक्षकांनीं काय करावें, ह्याचा थोडा विचार ह्या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम गव्हांत असें काय आहे तें पाहूं. आमच्या विद्यार्थ्यांनीं घरीं एक सोपा प्रयोग करून पाहावा. मूठभर कणीक घट्ट मळून अर्धा तास झांकून ठेवावी, व मग पातेल्यांत पाणी घेऊन त्यांत तो गोळा हळूहळू चोळून धुवावा. पाणी दुधासारखें पांढरें होतें. कुरडयांसाठीं आपण जो गव्हाचा चीक काढितों तोच हा. पाणी बदलीत गेल्यास शेवटीं हातांत एक करडा, चिवट, रबरासारखा ताणला जाणारा गोळा उरतो. हेंच ग्लूटेन. इटली देशांतील बोलोन्या शहरच्या बेक्कारी नांवाच्या पंडितानें तें ह्याच रीतीनें वेगळें काढिलें, व त्याचें वर्णन १७४५ सालीं प्रसिद्ध झालें. पोळी लवचीक होते व पाव फुगून जाळीदार होतो, तो ह्या ग्लूटेनच्याच योगानें. ज्वारीबाजरींत तें नसतें, म्हणूनच भाकरी पोळीसारखी लाटतां येत नाहीं, ती थापावी लागते. गव्हाचे जवळचे भाऊबंद जे जव व राय, त्यांतही ह्याच जातीचीं द्रव्यें असतात.

आपल्या लहान आंतड्याचा आंतील पृष्ठभाग गुळगुळीत नसून मखमलीच्या लवीसारख्या बारीक अंकुरांनीं आच्छादिलेला असतो. पचलेलें अन्न ह्या अंकुरांतून रक्तांत शोषिलें जातें. ग्लूटेनचा कांहीं भाग कोणाच्याही पोटांत पूर्णपणें पचत नाहीं. बहुतेकांस त्याची बाधा होत नाहीं इतकेंच. परंतु ज्यांच्या प्रकृतींत जन्मतःच एक विशिष्ट खूण असते, अशांपैकीं कांहींच्या शरीरांतील संरक्षक पेशी ह्या न पचलेल्या तुकड्यांस शत्रु समजून उठतात, आणि त्या धुमश्चक्रींत आपल्याच आंतड्यास घायाळ करितात. अंकुर झिजतात, आखूड होतात, व शेवटीं मखमलीची लव झडून नुसतें कापड उरावें तसा तो पृष्ठभाग सपाट होतो. मग ताटांत कितीही वाढलें तरी तें अंगीं लागत नाहीं. लोह आंतड्याच्या अगदीं पहिल्या भागांत शोषिलें जातें, व झीजही विशेषतः तेथेंच होते. म्हणून ह्या रोग्यांचें रक्त फिकें पडतें आणि लोहाच्या गोळ्या देऊनही पुष्कळदां सुधारत नाहीं. ती जन्मजात खूण शंभरांत तीस-चाळीस लोकांत आढळते, पण रोग त्यांतील फार थोड्यांसच होतो. म्हणजे केवळ खूण असणें हा रोग नव्हे, हेंही येथें सांगून ठेविलें पाहिजे.

ह्या रोगाचें जें जुनें चित्र वैद्यकाच्या ग्रंथांत आढळतें तें असें: एक-दोन वर्षांचें मूल, पोट मोठें, हातपाय काटकुळे, मळ पातळ, फिका व दुर्गंधीचा, आणि स्वभाव चिडका. हें चित्र स्पष्ट दिसत असल्यास रोग ओळखणें तितकें कठीण नाहीं. परंतु पुष्कळ रोग्यांत तें दिसतच नाहीं. कोणाचें रक्त वारंवार कमी होतें, कोणाची उंची खुंटते, कोणास तोंड येण्याची खोड लागते. एखाद्या मुलीचें वयांत येणें लांबतें. एखाद्या प्रौढ मनुष्याचीं हाडें वेळेपूर्वीच ठिसूळ होतात. एखाद्या स्त्रीस मूल होत नाहीं. कोणाच्या कोपरांवर व गुडघ्यांवर खाजरे फोड उठतात. जुलाबाऐवजीं मलावरोध असूं शकतो, आणि रोगी कृशच असेल असेंही नाहीं. अशीं दुखणीं घेऊन एक मनुष्य दांताच्या डॉक्टरकडे जातो, दुसरा त्वचेच्या, तिसरा हाडांच्या. आणि प्रत्येक जण आपल्यापुरतें औषध देतो. हत्ती पाहावयास गेलेल्या आंधळ्यांची गोष्ट आपण सर्वांनीं ऐकिली आहे. येथें तसेंच होतें. सर्व धागे एके ठिकाणीं आणून गांठ ओळखणारा कोणी तरी भेटावा लागतो.

ह्या रोगाचा इतिहास म्हणजे लक्षपूर्वक पाहणें व लक्षपूर्वक ऐकणें ह्यांचाच इतिहास आहे. प्रेषितांच्या कृत्यांत ज्याचें नांव येतें त्या कप्पदुकिया प्रांतांत अरेतेयस नांवाचा ग्रीक वैद्य ख्रिस्ती शकाच्या आरंभीच्या शतकांत होऊन गेला. अन्न न पचतां वाहून जाणें व शरीर झिजणें, अशा एका जुनाट रोगाचें वर्णन त्यानें केलें, व पोट ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यास नांव दिलें. तेंच नांव पुढें ह्या रोगास राहिलें. त्यानंतर पुष्कळ शतकें लोटलीं. १८८७ सालीं लंडन येथील मुलांच्या रुग्णालयांत सॅम्युएल गी नांवाच्या डॉक्टरनें ह्या रोगावर व्याख्यान दिलें, व तें १८८८ सालीं छापून निघालें. रोगी बरा होणार असेल तर तो पथ्यानेंच होईल, असें त्याचें मत होतें. एका मुलास रोज मापभर हॉलंडचे शिंपले खावयास दिल्यानें तें सुधारलें, पण शिंपल्यांचा हंगाम संपतांच पुन्हां आजारी पडलें, ही हकीकतही त्यानें नमूद केली आहे. पथ्यांत आहे हें त्यास कळलें. काय वर्ज्य करावें हें मात्र कळलें नाहीं, कारण भाजलेल्या पावाचे पातळ तुकडे त्यानें चालविले.

पुढें १९२४ सालीं न्यूयॉर्क येथील डॉक्टर सिडनी हास ह्यांनीं अशा मुलांस केळीं देण्यास आरंभ केला. त्याबरोबरच त्यांनीं पाव, बिस्किटें, बटाटे व सर्व तृणधान्यें बंद केलीं. मुलें सुधारलीं व केळ्यांची कीर्ति पसरली. वस्तुतः गुण केळ्यांचा नसून पाव बंद झाल्याचा होता. पण दृष्टि ताटांत जें आलें त्याकडे गेली, ताटांतून जें गेलें त्याकडे गेली नाहीं. म्हणून बरें वाटूं लागल्यावर पुष्कळ मुलें पुन्हां पावाकडे वळलीं. गुण दिसणें निराळें व कारण समजणें निराळें, हा धडा शास्त्राच्या विद्यार्थ्यांनीं येथून घेण्यासारखा आहे.

खरें कारण हॉलंडमधील डॉक्टर विलेम कारेल डिके ह्यांनीं शोधून काढिलें. १९३६ सालीं, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षीं, ते हेग शहरांतील युलियाना बालरुग्णालयाचे प्रमुख झाले. त्यांच्याकडे येणाऱ्या एका तरुण आईनें असें सांगितलें कीं, मुलाच्या खाण्यांतून पाव काढिला म्हणजे त्याच्या अंगावरचें पुरळ लवकर बरें होतें. हें बोलणें एका आईचें, शास्त्राचें शिक्षण नसलेल्या स्त्रीचें. दुसऱ्या एखाद्यानें तें हंसून सोडून दिलें असतें. डिके ह्यांनीं तें मनांत ठेविलें, गहूं वर्ज्य केलेल्या आहाराचे प्रयोग सुरू केले, व १९४१ सालीं त्यांविषयीं लेख प्रसिद्ध केला. १९४४-४५ च्या हिवाळ्यांत जर्मन अंमलाखालील हॉलंडांत भयंकर दुष्काळ पडला. लोकांनीं ट्यूलिप फुलांचे कांदेसुद्धां खाल्ले. पाव दुर्मिळ झाला असतां हीं आजारी मुलें मात्र बरीं राहिलीं, आणि पाव परत येतांच दुखणें परत आलें. डिके ह्यांस हा शोध दुष्काळामुळेंच लागला असें पुष्कळ ठिकाणीं लिहिलेलें आढळतें, पण तें बरोबर नाहीं. दुष्काळानें त्यांच्या जुन्याच तर्कास बळकटी दिली. १९५० सालीं उत्रेख्त विद्यापीठास त्यांनीं ह्याच विषयावर प्रबंध सादर केला. आणि फान द कामर व वेयर्स ह्या सहकाऱ्यांसह, गव्हांतील दोष त्याच्या पिठूळ अंशांत नसून ग्लूटेनमध्यें आहे, हें त्यांनीं सिद्ध केलें.

ह्यानंतर परीक्षेचीं साधनें एकामागून एक हातीं आलीं. १९५४ सालीं इंग्लंडांत पॉली नांवाच्या डॉक्टरांनीं शस्त्रक्रियेंत काढिलेल्या तुकड्यांवरून आंतड्यांतील बिघाड दाखवून दिला. १९५६ सालीं मार्गो शायनर ह्या स्त्री-डॉक्टरांनीं तोंडावाटे नळी घालून आंतड्याचा बारीक तुकडा काढण्याची युक्ति साधिली, म्हणजे पोट फाडण्याचें कारण उरलें नाहीं. १९९७ सालीं बर्लिन येथील शुप्पान व त्यांचे सहकारी ह्यांनीं, ह्या रोग्यांचें रक्त शरीरांतील कोणत्या द्रव्याविरुद्ध उठतें तें ओळखिलें. त्या द्रव्याचें नांव टिशू ट्रान्सग्लुटामिनेज असें लांबलचक आहे. त्याविरुद्ध रक्तांत तयार झालेलीं द्रव्यें मोजणें, हीच आज ह्या रोगाची पहिली परीक्षा होय. तिच्यासाठीं बोटभर रक्त पुरतें. तिच्याबरोबरच रक्तांतील आयजीए ह्या द्रव्याचें एकंदर प्रमाणही पाहावें लागतें, कारण कांहीं थोड्या मनुष्यांत तें मुळांतच नसतें, व मग रोग असूनही परीक्षा निर्दोष दिसते. परीक्षेंत खूण आढळली तर बहुधा दुर्बिणीनें आंतड्याचे बारीक तुकडे काढून ते सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. मुलांच्या बाबतींत, ही खूण साधारण मर्यादेच्या दसपट वा अधिक असून दुसऱ्या वेळीं घेतलेल्या रक्ताच्या निराळ्या परीक्षेनेंही तिला दुजोरा मिळाला, तर तुकडे न काढतांही निदान करावें, असा नियम युरोपांतील बालरोगतज्ज्ञांनीं २०२० सालीं घालून दिला आहे.

हा रोग गोऱ्या लोकांचा, आपल्याकडे तो कोठून असणार, अशी समजूत पुष्कळ दिवस होती. ती खोटी आहे. उत्तर भारतांतील मुलांत तो आढळल्याचा लेख १९६६ सालींच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें आला होता. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत दिल्लीच्या परिसरांत सुमारें शहाण्णव लोकांत एकास हा रोग असल्याचें दिसलें. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका मोठ्या पाहणीप्रमाणें रोगाची खूण रक्तांत असलेल्या प्रौढांचें प्रमाण उत्तर भारतांत शेंकडा १·२३, ईशान्य भागांत ०·८७, आणि दक्षिणेंत ०·१० होतें. जन्मजात खुणेंत ह्या प्रांतांत मोठें अंतर नव्हतें. अंतर होतें तें गव्हाच्या खाण्यांत. आपला महाराष्ट्र हा भाकरी व पोळी ह्यांच्या सीमेवरचा देश आहे. आमच्या आज्यांच्या काळीं खेड्यांतील घरांत गव्हाची पोळी सणावारीं होई. आतां ती रोजची झाली आहे, आणि डब्यांत बिस्किटें व पाव आले आहेत. तेव्हां हा प्रश्न पंजाबचा म्हणून आपणांस सोडून देतां येणार नाहीं.

आमच्या पाहण्यांतील एक उदाहरण येथें देतों. वसतिगृहांत राहणारी एक मुलगी सातवींत असतांना वर्गांत सर्वांत ठेंगणी होती. ती वरचेवर फिकी पडे, खेळाच्या तासाला झाडाखालीं बसून राही, व दुपारीं तिचा डोळा लागे. तिला आळशी हें नांव पडलें होतें. तीन वर्षांत तीन दवाखाने झाले. एका ठिकाणीं जंताचें औषध मिळालें, दुसऱ्या ठिकाणीं लोहाच्या गोळ्या, आणि तिसऱ्या ठिकाणीं असें सांगण्यांत आलें कीं, मुलगी घरच्या आठवणीनें खात नसेल. गोळ्या घेतल्या कीं थोडें बरें वाटे, बंद केल्या कीं पुन्हां तेंच. शेवटीं तिच्या आईनें तिला तालुक्याच्या गांवीं नव्यानें आलेल्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलें. बाईंनीं प्रथम मुलीस खुर्चीवर बसविलें व आईस म्हटलें, “घाई करूं नका, अगदीं आरंभापासून सांगा.” आईनें सांगितलें कीं, मुलगी अंगावर पीत होती तोंवर गुबगुबीत होती, वरचें खाणें सुरू झालें आणि उतरली. सुटींत गांवीं ज्वारीच्या भाकरीवर असली म्हणजे जरा टवटवी येते. वसतिगृहांत पोळीवर आली कीं पोट बिघडतें. बाईंनीं शाळेंतून उंची व वजनाच्या नोंदी मागविल्या. चार वर्षांचे आंकडे एका कागदावर मांडतांच उंचीची रेघ कोठें वांकली तें उघड झालें. रक्ताची परीक्षा झाली, मग जिल्ह्याच्या ठिकाणीं दुर्बिणीची झाली, आणि रोगाचें नांव कळलें. त्या दिवशीं ती मुलगी आईस जें म्हणाली तें आईनेंच आम्हांस सांगितलें: “मग मी आळशी नव्हतें ना?” औषधाच्या गोळीहून ह्या एका उत्तराची तिला अधिक गरज होती.

आतां लक्ष देणारा डॉक्टर कसा ओळखावा? त्याच्या दारावरील पाटीवर किती अक्षरें आहेत ह्यावरून तो ओळखतां येत नाहीं. तो रोग्याचें बोलणें मध्यें तोडीत नाहीं. दुखणें केव्हांपासून, काय खाल्ल्यानें वाढतें, घरांत आणखी कोणास आहे काय, हें तो विचारितो. हा शेवटचा प्रश्न येथें महत्त्वाचा आहे. कारण सीलिअॅक रोग्याच्या आईबापांत, भावंडांत व मुलांत शंभरांत सात-आठ जणांस हाच रोग आढळतो, आणि बालपणींच्या मधुमेहाशीं व गळ्याच्या ग्रंथीच्या विकारांशींही त्याचें नातें आहे. तो जुने कागद वाचतो, वजन व उंची स्वतः पाहतो. एकाच औषधानें तिसऱ्यांदा गुण न आल्यास तो चौथ्यांदा तेंच लिहून देत नाहीं. आपलें निदान चुकलें असेल काय, असा प्रश्न स्वतःस विचारितो. “हें मला ठाऊक नाहीं, पण आपण शोधूं,” असें म्हणण्याची त्यास लाज वाटत नाहीं, व आपल्याहून जाणत्याकडे पाठविण्यांत कमीपणा वाटत नाहीं. कांहीं सांपडलें नाहीं म्हणून “हें सारें मनाचें आहे” असें तो सांगत नाहीं. आणि निदान झाल्यावर “गहूं खाऊं नका” एवढें बोलून तो रोग्यास दाराबाहेर घालवीत नाहीं. काय खावें तें सांगतो, व पुन्हां कधीं यावयाचें तेंही सांगतो. सरकारी दवाखान्यांत एका सकाळीं शेंकडों रोगी पाहणाऱ्या डॉक्टरांची अडचण आम्ही जाणतों; पण एक नेमका प्रश्न विचारण्यास फार वेळ लागत नाहीं.

रोग्याच्या बाजूनेंही कांहीं कर्तव्य आहे. डॉक्टरकडे जाण्यापूर्वीं दोन आठवड्यांची टांचणें करावीं: काय खाल्लें, काय झालें, केव्हां झालें. पूर्वींच्या परीक्षांचे कागद तारखांच्या क्रमानें लावून न्यावे. “हा गव्हाचा रोग असूं शकेल काय?” असें नम्रपणें विचारण्यास हरकत नाहीं, चांगल्या डॉक्टरास त्याचा राग येत नाहीं. परंतु सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, परीक्षा होण्यापूर्वीं आपण होऊन गहूं सोडूं नये. गहूं बंद केला म्हणजे रक्तांतील खूण हळूहळू पुसली जाते, आंतड्याचे अंकुर पुन्हां वाढूं लागतात, आणि परीक्षा निर्दोष येते. मग खरें काय तें कळण्यासाठीं त्या बिचाऱ्यास पुन्हां कित्येक आठवडे गहूं खावा लागतो. आधीं परीक्षा, मग पथ्य, हा क्रम मोडूं नये.

ह्याचें आणखी एक कारण आहे. गहूं खाल्ल्यानें त्रास होणारा प्रत्येक मनुष्य सीलिअॅकचा रोगी नसतो. कांहींस गव्हाची अॅलर्जी असते. त्यांच्या अंगावर गांधी उठतात अथवा श्वास लागतो, व तें बहुधा थोड्याच वेळांत होतें. दुसरे कांहीं असे असतात कीं, त्यांच्या रक्तांत खूण नसते, आंतडें धड असतें, अॅलर्जीही नसते, तरी गव्हानें पोट फुगतें व सोडल्यानें बरें वाटतें. त्यांचा त्रासही खराच असतो. पण त्याची वेगळी परीक्षा नसल्यामुळें, आधींच्या दोन्ही गोष्टी नाहींत अशी खात्री झाल्यावरच तसें म्हणतां येतें. सीलिअॅकचें पथ्य जन्मभर व कडकडीत पाळावें लागतें, इतरांचें तितकें नाहीं; म्हणून नेमकें नांव कळणें अवश्य आहे. आणि ज्यांस कसलाच त्रास नाहीं त्यांनीं केवळ आजकालची रीत म्हणून गहूं सोडून दुकानांतले महागडे पुडे आणण्याचें कांहीं कारण नाहीं.

ह्या रोगावर औषधाची बाटली नाहीं. पथ्य हेंच औषध. आणि ह्या बाबतींत महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरावर देवाची मोठी कृपा आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरई, राजगिरा, सर्व डाळी, भाज्या, फळें, दूध, अंडीं, मासळी व मांस, ह्यांत ग्लूटेन नाहीं. आमच्या हिंदु शेजाऱ्यांच्या उपवासाचे बहुतेक पदार्थ ह्या रोग्यांस चालतात. वर्ज्य काय? पोळी, पाव, रवा, मैदा, शेवया, लापशी, कुरडया, बिस्किटें. खपली गहूं जुना व पचण्यास हलका म्हणून चालेल, असें कांहीं लोक सांगतात. तें साफ चुकीचें आहे, कारण खपली हाही गहूंच. छुपे शत्रुही आहेत. पुडीच्या हिंगांत पुष्कळदां मैदा मिसळलेला असतो. म्हणून खडा हिंग खात्रीनें घ्यावा. थालिपिठाच्या भाजणींत गहूं असतात. दुधांत घालावयाच्या कांहीं पुडींत जवाचें माल्ट असतें. गिरणींत गव्हामागून दळलेल्या ज्वारींत कणीक मिसळते. तेव्हां घरीं दळावें, अथवा गव्हासाठीं वेगळी घंटी असलेली गिरणी पाहावी. बांधीव मालावर ‘ग्लूटेनरहित’ असें लिहिण्यासाठीं एका किलोंत वीस मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन असतां कामा नये, असा नियम आपल्या देशांतही आहे. ती चिठ्ठी वाचण्याची संवय लावावी.

वर सांगितलेल्या मुलीसाठीं वसतिगृहाच्या स्वयंपाकीणबाईंनीं वेगळा तवा, वेगळी परात व झांकणाचा डबा ठेविला, आणि तिची भाकरी आधीं भाजून मग पोळ्यांस हात घालण्याचा नेम केला. वर्षा-दीड वर्षांत मुलीच्या गालांवर रंग आला व उंचीची रेघ पुन्हां वर चढली. नाताळच्या फराळांत करंज्या व केक समोर असतांना तिला तांदळाच्या पिठाचे व नारळाचे पदार्थ मिळावे, ह्याची काळजी तिच्या मैत्रिणींनींच घेतली. प्रभुभोजनाच्या भाकरीचा प्रश्नही आला. आमच्या पाळकसाहेबांनीं तिच्यासाठीं तांदळाच्या भाकरीचा तुकडा वेगळ्या ताटलींत ठेवण्याची व्यवस्था केली. रोमन कॅथलिक मंडळीचा नियम निराळा आहे: तेथें भाकर गव्हाचीच हवी, परंतु अत्यल्प ग्लूटेन असलेली चालते, असें रोमहून २०१७ सालच्या पत्रांत पुन्हां स्पष्ट करण्यांत आलें, व जो तीही घेऊं शकत नाहीं त्यास केवळ द्राक्षारस घेतां येतो. तात्पर्य, थोडा विचार केला तर कोणासही मेजापासून दूर बसावें लागत नाहीं.

शिक्षकबंधूंस व भगिनींस एक विनंति आहे. मूल वर्षांतून एकदां डॉक्टरकडे जातें, पण आपल्यापुढें तें रोज बसतें. उंची व वजन ह्यांच्या ज्या नोंदी आपण दरवर्षीं करितों, त्या केवळ तपासनीसांस दाखविण्यासाठीं नाहींत. ह्या वर्षींचा आंकडा गेल्या वर्षींच्या आंकड्याशेजारीं ठेवून पाहावा. जें मूल वाढत नाहीं, वरचेवर फिकें पडतें, पोटदुखीनें घरीं राहतें, त्यास मंद किंवा आळशी ठरविण्यापूर्वीं त्याच्या घरीं एक चिठ्ठी पाठवावी.

मार्काच्या शुभवर्तमानांत एका स्त्रीची हकीकत आहे. बारा वर्षें ती आजारी होती. पुष्कळ वैद्यांच्या हातून तिनें पुष्कळ सोसलें, जवळचें सर्व खर्च केलें, आणि गुण न येतां दुखणें वाढलेंच. ती गर्दींतून येऊन प्रभूच्या वस्त्रास शिवली व बरी झाली. पण प्रभु तेवढ्यावर पुढें निघून गेला नाहीं. मोठ्या घाईच्या कामास जात असतांही तो थांबला, आपणांस कोण शिवलें म्हणून त्यानें विचारिलें, आणि त्या स्त्रीनें सर्व खरें खरें सांगेपर्यंत तें ऐकून घेतलें. बरें करण्याचें सामर्थ्य आपणां सर्वांस दिलेलें नाहीं. पण थांबून विचारणें व शेवटपर्यंत ऐकणें हें डॉक्टरास, शिक्षकास, आईबापांस व वर्गांतील सोबत्यांसही साधण्यासारखें आहे. आमच्या शाळेंतून पुढें जे विद्यार्थी वैद्यकाच्या अभ्यासास जातील, त्यांनीं आपल्या पुस्तकांबरोबर एवढी एक गोष्ट अवश्य न्यावी.